आपलं व्रत, शेजारणीची चूल

भाद्रपद जवळ आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन प्रकारचे निरोप सुरू होतात. पहिल्या प्रकारात पूजेची वेळ असते, प्रवचन कुणाचं आहे ते असतं, कुणी दहा उपवास धरलेत, कुणी एकासनं, तत्त्वार्थसूत्राचा कुठला अध्याय कुठल्या दिवशी वाचायचा हे असतं. दुसऱ्या प्रकारात असतं ते कत्तलखान्यांबद्दल. यंदा किती दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला, आपल्या शहरात का निघाला नाही, सह्या कुठे करायच्या. पहिल्या निरोपांवर आपण भरभरून बोलतो. दुसरे निरोप मात्र आले तसे पुढे ढकलतो.

मैत्रिणींनो, आज या दुसऱ्या निरोपांबद्दल लिहायचं आहे. ही मागणी आजची नाही. तिला चारशे वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या सुरुवातीला एक श्राविका उभी आहे. तो इतिहास क्रमाने पाहिला तर आपण काय मागतो, कुणाकडे मागतो आणि कसं मागावं, हे बरंच उलगडतं.

चंपाबाईचा उपवास

ही कथा श्वेतांबर परंपरेतली आहे, म्हणून आपल्यातल्या दिगंबर घरांतल्या काही जणींच्या कानावर कदाचित आली नसेल. अकबराच्या काळात चंपा नावाच्या श्राविकेने सहा महिन्यांचा उपवास केला. तिची मिरवणूक वाजतगाजत निघाली ती बादशहाच्या नजरेस पडली. सहा महिने अन्नाशिवाय कुणी राहू शकतं यावर त्याचा विश्वास बसेना. परंपरा सांगते की त्याने तिच्यावर पहारा ठेवून खात्री करून घेतली. मग विचारलं, हे बळ तुला कुठून आलं? तिने उत्तर दिलं, देव आणि गुरू यांच्या कृपेने. गुरू कोण, तर आचार्य हीरविजयसूरी.

त्यानंतरचा भाग इतिहासाच्या पुस्तकांतही आहे. बादशहाचं बोलावणं गेलं तेव्हा हीरविजयसूरी गुजरातमध्ये गंधार बंदरी होते. सुभेदाराने प्रवासासाठी हत्ती-घोडे देऊ केले, ते त्यांनी नाकारले आणि साधुधर्माप्रमाणे पायी चालत १५८३ मध्ये फतेहपूर सिक्रीला पोचले. दरबारात गालिचा अंथरला होता. त्याखाली जीव असतील म्हणून त्यांनी त्यावर पाय ठेवला नाही, आणि गालिचा उचलल्यावर खरोखरच मुंग्या निघाल्या, असं परंपरा सांगते. बादशहाने सोनंनाणं देऊ केलं, ते त्यांना चालणारं नव्हतं. शेवटी त्यांनी मागितलं ते असं: कैद्यांना सोडा, पिंजऱ्यातले पक्षी सोडा, आणि पर्युषणात प्राण्यांची हत्या थांबवा. अकबराने पर्युषणाचे आठ आणि मागचेपुढचे धरून बारा दिवस प्राणिवध बंद करण्याचं फर्मान काढलं आणि आचार्यांना 'जगद्गुरू' ही पदवी दिली. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त दरबाराशी संबंधित विद्वानांची जी यादी दिली आहे, तिच्यात हीरविजयसूरींचं नाव आहे.

या कथेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की बादशहाचं मन वळलं ते अर्जाने वळलं नाही. एका बाईने स्वतःच्या शरीरावर घेतलेल्या व्रताने त्याला थांबवलं. चंपाबाईने कुणालाच काही सोडायला सांगितलं नव्हतं. तिने स्वतः सोडलं होतं.

फर्मानाची दुसरी बाजू

आपल्या घरांत ही गोष्ट इथेच संपवतात. पण त्याच दरबारात बदायुनी नावाचा एक इतिहासकार होता. तो कट्टर होता, अकबराच्या धर्मविचारांवर नाराज होता, त्यामुळे त्याचं म्हणणं जपून घ्यावं लागतं. तरी त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. अकबराने वेगवेगळ्या दिवशी प्राणिवधाला बंदी करणारे जे हुकूम काढले, ते मोडणाऱ्यांना कडक शिक्षा झाल्या आणि त्यात कुटुंबं धुळीला मिळाली, अशी त्याची तक्रार आहे. पिंजऱ्यातले पक्षी सोडा म्हणणाऱ्या आचार्यांच्या मनात हे असणं शक्यच नाही. पण हुकूम एकदा हुकूम झाला की तो मागणाऱ्याच्या करुणेने चालत नाही, राबवणाऱ्याच्या दंडुक्याने चालतो.

दुसरी गोष्ट जहांगीराची. त्यानेही १६१० मध्ये पर्युषणातल्या प्राणिवधबंदीचं फर्मान दिलं. त्या आनंदात आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना एक लांबलचक विज्ञप्तिपत्र पाठवलं. शालिवाहन नावाच्या चित्रकाराने त्यात बादशहाचा दरबार, फर्मान घेणारे साधू आणि आग्र्यातली माणसं रंगवली आहेत. आजही ते चित्र जैन कलेच्या पुस्तकांत हमखास असतं. पण त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्याच जहांगीराची एका जैन यतीवर मर्जी खप्पा झाली. आपलं राज्य लवकर संपेल असं भाकीत त्या यतीने केल्याचा राग त्याच्या मनात होता. तेवढ्यावरून त्याने जैन साधूंना राज्यातून घालवून देण्याचा हुकूम काढला. पुढे तो मागे घेतला गेला, पण तोवर जे भोगायचं ते साधूंनी भोगलं. ज्या हाताने फर्मान दिलं त्याच हाताने हद्दपारी दिली.

मर्जीवर मिळालेली गोष्ट अशीच असते. ती आपला हक्क नसते. आणि ती आपल्याला मिळते तेव्हा दुसऱ्या कुणाच्या ताटातून उचलली गेली आहे का, हे दरबारात कुणी विचारत नाही.

बादशहा गेला, शेजारी उरला

२६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशात बादशहा नाही. राज्यघटनेचं २५ वं कलम सगळ्या व्यक्तींना सारखंच विवेकस्वातंत्र्य देतं, आपापला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा सगळ्यांना सारखी. १९ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धंदा करण्याचं स्वातंत्र्य दिलं, त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभा सरकारला दिली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आला, आणि त्याच दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत सजीव प्राण्यांबद्दल दया बाळगण्याचं कर्तव्यही आलं. दोन्ही एकाच वेळी आले हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दया हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे, आणि राज्याला सांगितलं आहे की तुझा स्वतःचा धर्म नाही.

धर्मनिरपेक्ष म्हणजे धर्म बुडवणारा, असा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा लावला जातो. सोप्या भाषेत पाहिलं तर तो शब्द एवढंच सांगतो की सरकार कुणा एकाच्या देव्हाऱ्यापुढे बसून दुसऱ्याला हुकूम सोडणार नाही. देशाच्या लोकसंख्येत आपण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहोत. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने आपल्याला अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. इतक्या लहान समाजाला या शब्दाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

आता पर्युषणाची मागणी या नव्या व्यवस्थेत कशी आली ते पाहू. अहमदाबाद महापालिकेने १९९८ आणि १९९९ मध्ये पर्युषणाच्या दिवसांत पालिकेचे कत्तलखाने बंद ठेवण्याचे ठराव केले. खाटकांच्या जमातीने त्याविरुद्ध दाद मागितली. आमचा रोजचा धंदा आहे, तो तुमच्या पर्वासाठी का बुडावा, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. गुजरात उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २००८ रोजी तो फिरवला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी लिहिलेल्या त्या निकालात अकबराचा दाखला आहे. नऊ दिवसांची बंदी ही फार मोठी नाही, शहरात जैन मोठ्या संख्येने आहेत, इतरांनी त्यांच्या भावनांचा थोडा आदर करावा, असा त्याचा सूर आहे. बंदी जास्त काळाची असती तर गोष्ट वेगळी झाली असती, हेही त्यात आहे.

हा निकाल आपल्या गटांवर दरवर्षी फिरतो. तो खरा आहे. पण कायद्याने एखादी गोष्ट करता येते, एवढ्याने ती आपण मागावी हे ठरत नाही. कायद्याने तर आपल्याला पुष्कळ काही करता येतं, जे आपण व्रत म्हणून सोडतो.

२०१५ चे दोन महिने

मला वाटतं, आपल्या समाजाच्या अलीकडच्या इतिहासात २०१५ चे ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा ठरवला. धर्माचा तो आवश्यक भाग असल्याचं सिद्ध होत नाही, असं म्हटलं. आपल्या घराघरांत त्या दिवशी काय वाटलं ते सांगायला नको. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, छत्तीस दिवसांनी त्यांचा देह पडला. त्या वेळी तिथे जाऊन आलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी अजून कितीतरी घरांत सांगितल्या जातात. ते मरण गुन्हा कसा असेल? २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले. कधी घराबाहेर न पडलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या. आपण सगळे एकच म्हणत होतो: हा आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, आम्ही कुणाला त्रास देत नाही, सरकारने आणि न्यायालयाने यात पडू नये. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपण सुटकेचा श्वास सोडला.

आणि सप्टेंबर उजाडला. मीरा-भाईंदर महापालिकेने पर्युषणाचे आठ दिवस मांसविक्रीवर बंदी घातली. मुंबई महापालिकेने चार दिवस कत्तल आणि विक्री बंद ठेवायचं जाहीर केलं. शहर पेटून उठलं. राजकीय पक्षांनी रस्त्यावर स्टॉल लावून मांस विकलं. वाद पाहता पाहता मराठी विरुद्ध गुजराती असा झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना 'तुम्ही नक्की कुठले?' असं विचारलं गेलं. मटणविक्रेते मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुंबईसारख्या महानगरात अशी बंदी कशी घालता येईल, आणि मग मासे का वगळले, असे प्रश्न न्यायालयात निघाले. पालिकेने आपल्या आदेशातून पाऊल मागे घेतलं, १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि एका जैन ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा त्याने हात घालायला नकार दिला.

ऑगस्टमध्ये आपण म्हणालो, सरकारने आमच्या अन्नत्यागात पडू नये. सप्टेंबरमध्ये आपल्यातल्याच काहींनी म्हटलं, सरकारने दुसऱ्याच्या जेवणात पडावं. या दोन मागण्या एका तोंडात बसत नाहीत. संथाऱ्यासाठी ज्या घटनेच्या दाराशी आपण गेलो, त्याच दारातून खाटीक आत गेला. दार एकच आहे. ते आपल्यासाठी उघडं आणि त्याच्यासाठी बंद राहील, असं होत नसतं.

२०२५ च्या पर्युषणाआधी हीच मागणी पुन्हा मुंबई उच्च न्यायालयापुढे गेली, आणि जास्त दिवसांची बंदी त्या पर्वापुरती तरी मिळाली नाही. म्हणजे वाद संपलेला नाही. येत्या भाद्रपदात निरोप पुन्हा येणार आहेत.

रश्श्याच्या मुलखातलं पर्व

मुंबईपासून जरा दूर, आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे पाहू. तांबडा-पांढरा रस्सा ज्या मुलखाची ओळख, त्याच मुलखात बाहुबलीचा डोंगर आहे. हातकणंगले, शिरोळ, मिरज या भागांत गावोगाव जैन शेतकरी आहेत, मंदिरं आहेत, चातुर्मासाला मुनिसंघ येतात. पिढ्यान्‌पिढ्या दशलक्षण पर्व तिथे होत आलं, ते नगरपालिकेच्या आदेशाच्या जोरावर झालं नाही.

माझ्या माहेरच्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लावून एक मुस्लिम कुटुंब होतं. पर्व आलं की त्या चाची आईला विचारायच्या, "काकी, तुमचे दिवस कधीपासून?" तेवढे दिवस त्यांच्या घरात सुकट भाजली जात नसे, कारण वास भिंतीवरून येतो. ते कुणी मागितलेलं नव्हतं. इतर दिवशी वास यायचा, आणि आई खिडकी लावून घ्यायची, बोलायची नाही. रमजानात सूर्य मावळला की आमचं जेवण आटोपलेलं असायचं आणि त्यांचं सुरू व्हायचं. आमची चूल विझायची त्याच घटकेला त्यांचा रोजा सुटायचा. आई दिवसाउजेडी फळं चिरून त्यांच्याकडे पाठवून द्यायची. या देवाणघेवाणीला आम्ही कधी नाव दिलं नाही. मोठी झाल्यावर पुस्तकांत 'सहिष्णुता' हा शब्द वाचला तेव्हा तो मला थोडा कोरडा वाटला. सहन करण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

श्रावणाचंच घ्या. आदल्या अमावास्येपर्यंत जोरात खाणारी किती घरं श्रावण लागला की महिनाभर मांसमच्छी बंद करतात! सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, नवरात्र, सगळं आपापलं. त्या घरांना श्रावणाचा हुकूम कुणी काढलेला नसतो. मटणाची दुकानं उघडी असतात आणि गिऱ्हाईक आपणहून येत नाही. हुकमाशिवाय इतकी माणसं इतका काळ मांसाशिवाय राहतात, हे रोज डोळ्यांपुढे असून आपण विसरतो.

आणि अलीकडचं उदाहरण हवं तर आषाढीचं. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपूरसह महाराष्ट्रातल्या अनेक गावांतल्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. नमाज झाली, कुर्बानी पुढच्या दिवसावर गेली. त्यांनीच बैठका घेतल्या, त्यांनीच ठरवलं. वारकऱ्यांचा मान राहिला आणि देणाऱ्यांचाही मान वाढला. आता कल्पना करा, हेच आदेश काढून, पोलीस उभे करून केलं असतं तर? प्राणी तेवढेच वाचले असते, कदाचित. पण दोन समाजांत जे उरलं, ते उरलं नसतं.

'अनुमोदना'चा प्रश्न

इथे माझ्या ओळखीतल्या काही जणी हमखास एक प्रश्न विचारतात, आणि तो हलका नाही. त्या म्हणतात, "ताई, ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. तिथे जीव जातोय. त्या मुक्या जनावराला मत नाही, वकील नाही. हिंसा आपण करायची नाही, करवायची नाही आणि करणाऱ्याला अनुमोदनही द्यायचं नाही. मग थांबवता येत असताना गप्प बसणं हे अनुमोदन नाही का?"

माझं उत्तर असं. अनुमोदन म्हणजे मनातून 'बरं झालं' म्हणणं. शेजाऱ्याच्या ताटावर माझा हक्क नाही हे मान्य करणं म्हणजे त्याच्या ताटातल्या गोष्टीला बरं म्हणणं नव्हे. आपले मुनी गावात आहारासाठी निघतात तेव्हा आपल्या दारी शुद्ध आहार मिळतो की नाही ते पाहतात. गावातली इतर स्वयंपाकघरं बंद करा, मग येतो, असं म्हणत नाहीत.

शिवाय प्रत्याख्यान हे ज्याचं त्याने घ्यायचं असतं. सासूचा उपवास सूनबाईच्या खात्यावर जमा होत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? गुरूंपुढे हात जोडून स्वतःच्या तोंडाने नियम घ्यावा लागतो, तोही झेपेल तेवढाच. बळजबरीने उपाशी राहिलेल्याला आपण तपस्वी म्हणत नाही. मग दुकानाला कुलूप पडलं म्हणून ज्याने चार दिवस मटण खाल्लं नाही, त्याच्या मनात अहिंसा कशी रुजेल? त्याच्या मनात राग रुजतो, आणि तो राग आपल्या धर्माच्या नावावर जमा होतो. जनावराचं म्हणाल, तर दोन दिवसांची बंदी उठली की तेच जनावर तिसऱ्या दिवशी कापलं जातं.

जीव वाचवायचेच असतील तर काम पुष्कळ आहे, आणि ते आपल्याच उंबऱ्याच्या आत आहे. पांजरपोळ आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या पैशाने उभे केले, ते आज कुठल्या अवस्थेत आहेत ते जाऊन पाहावं. भाकड गाई-म्हशींचं पुढे काय होतं, हे दूध आणि तूप घेताना विचारावं. कपाटातलं रेशीम पाहावं, एक वार रेशमामागे किती कोष उकळले जातात. वर्खाची गोष्ट आठवते ना? चांदीचा वर्ख बैलाच्या आतड्याच्या थरांत ठेवून कुटला जातो हे कळल्यावर कितीतरी घरांनी आणि मंदिरांनी तो सोडून दिला. बायकांनी हलवायाला विचारायला सुरुवात केली, मिठाईवर वर्ख नको म्हणून सांगायला लागल्या. त्यासाठी कुणाच्या दुकानाला कुलूप घालावं लागलं नाही.

मागायचं कसं

म्हणजे आपण शेजाऱ्याकडे काही मागूच नये का? माझं मत तसं नाही. मागावं. हीरविजयसूरींनीही मागितलंच होतं. फरक एवढाच की त्यांच्या काळी द्यायचा अधिकार एकट्या बादशहाकडे होता. आज तो ज्याच्या त्याच्याकडे आहे. कोपऱ्यावरचा खाटीक, मासे घेऊन येणारी मावशी, जिन्यासमोरच्या घरातली वहिनी, ही सगळी आजची बादशहा आहेत. अर्ज करायचाच तर त्यांच्याकडे करावा, आयुक्तांकडे नव्हे. "आमचे संवत्सरीचे, अनंतचतुर्दशीचे दिवस आहेत, मंदिराच्या रस्त्यावर एवढा दिवस जरा आडोसा कराल का?" असं तोंडाने, हसून, घरी जाऊन विचारलं तर किती जण नाही म्हणतील? आणि एखाद्याने नाही म्हटलं तर त्याचं नाही ऐकून घेण्याची ताकद आपल्यात हवी. विनंती आणि हुकूम यांतला फरक 'नाही' ऐकल्यावरच कळतो.

मागताना देण्याचीही तयारी हवी. एक दिवस दुकान बंद ठेवणाऱ्याचा रोजगार बुडतो. तो हातावर पोट असणारा माणूस असतो, आपल्यासारखा पेढीवाला नसतो. आपल्या पर्वासाठी त्याच्या मुलांनी उपाशी का राहावं? आणि त्याच्या पर्वाला आपण काय करतो, हेही स्वतःला विचारावं. ईदेच्या दिवशी आपल्या गटांवर जे निरोप फिरतात, ते पुढे ढकलण्याआधी बोट थांबतं का?

दशलक्षणाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा आहे. संयम सहावा येतो, त्याग आठवा. पूर्वाचार्यांनी हा क्रम उगीच लावला नसणार. आधी मनातला कठोरपणा जायला हवा, मग बाकीचं. आणि पर्व संपल्यावर क्षमावणीला आपण 'खम्मामि सव्व जीवाणं' म्हणतो, सगळ्या जीवांची क्षमा मागतो. त्या 'सगळ्यां'त मुंगी येते, पाण्यातले सूक्ष्म जीव येतात, गेल्या जन्मीचे वैरी येतात. माझी विनंती एवढीच, की यंदा त्यात कोपऱ्यावरच्या खाटकालाही धरावं. नुसतं मनात नको. मिठाईचा पुडा घेऊन त्याच्या घरी जाऊन यावं.